अतिया फैजींना काय म्हणावे?

निकाहनंतर शाळेत परत गेले तेव्हा शिक्षकांच्या हजेरीपटावर माझे नाव बदललेले होते. सुरुवातीला 'सौ.', मध्ये शौहरचे नाव, शेवटी सासरचे आडनाव. मला कुणी विचारलेही नव्हते. निकाहनाम्यावर माझे नाव वालिदांच्या नावासह होते आणि त्याच नावाने मी 'कबूल' म्हटले होते. वर्गातल्या मुली पूर्वीसारख्याच 'आपा' म्हणत राहिल्या. त्यांचे काहीच अडले नाही.

हजरत खदीजा शेवटपर्यंत 'बिन्ते खुवैलिद' राहिल्या, हजरत आयशा 'बिन्ते अबू बक्र'. पैगंबर साहेबांशी (स.) निकाह झाला म्हणून त्यांच्या वालिदांचे नाव पुसले गेले नाही. (या वादात काहीजण सूरह अहजाबची आयत पुढे करतात. ती मुळात दत्तक मुलांविषयी, हजरत जैद यांच्या संदर्भातली आहे, हेही सांगायला हवे.)

आपल्या मुलखातले उदाहरण मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातल्या अतिया फैजींचे. त्यांचा जन्म १८७७ साली इस्तंबूलला झाला. बहीण नाजली जंजिऱ्याच्या नवाबांना दिलेली. १९०६ साली अतिया शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथली त्यांची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये छापून आली आणि १९२१ साली तिचे पुस्तक झाले. माझ्या बी.एड.च्या अख्ख्या वर्षात हे नाव मला कुणी सांगितले नाही, याचे आजही वाईट वाटते.

१९१२ साली त्यांचा निकाह चित्रकार सॅम्युअल रहमीन यांच्याशी झाला. रहमीन बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातले. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि वर आणखी एक गोष्ट केली. बायकोचे आडनाव आपल्या आडनावाआधी लावले. मग ते जगभर 'फैजी-रहमीन' म्हणून ओळखले गेले. त्या काळात पुरुषाने असे करणे किती जणांना रुचले असेल?

आता अतियांना काय म्हणायचे? त्यांनी स्वतः एकच उत्तर दिलेले नाही. १९१४ साली हिंदुस्थानी संगीतावरचे त्यांचे पुस्तक आले ते 'शाहिंदा' या टोपणनावाने, कंसात बेगम फैजी-रहमीन. १९२५ साली त्याच विषयावरच्या पुस्तकावर अतिया बेगम फैजी-रहमीन. आणि इक्बाल यांची पत्रे १९४७ साली छापली तेव्हा नुसते अतिया बेगम. अभ्यासक मात्र आज त्यांना अतिया फैजीच म्हणतात.

'बेगम' शब्दाची सोय अशी की तो बाईच्या स्वतःच्या नावामागे लागतो, शौहर असो वा नसो. 'सौ.'चे तसे नाही; तो शौहरच्या हयातीशी बांधलेला. पण 'बेगम'लाही सगळे श्रेय देऊ नये. संविधान सभेत बसलेल्या बेगम एजाज रसूल यांचे स्वतःचे नाव कुदसिया. एजाज रसूल हे त्यांच्या शौहरांचे नाव, आणि इतिहासाच्या पुस्तकात बहुधा तेवढेच येते. मुलींना मी आता दोन्ही नावे लिहायला लावते.

हजेरीपटासाठी मी अर्ज दिला. दोन महिन्यांनी वालिदांचे नाव परत आले. लग्नपत्रिकांवर अजून 'सौ.' येते. शेजारच्या वर्गाचे सर मला 'भाभी' म्हणत. शौहरची आणि त्यांची ओळखही नाही! त्यांना म्हटले, "आपा म्हणा." आता म्हणतात, अधूनमधून विसरतात.