डिसेंबरचा बर्फ, फेब्रुवारीची वाट

मुलगी अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या एका खेड्यात राहते. एक अख्खा हिवाळा मी तिच्याकडे काढला. शेजारचे आजोबा ऐंशीच्या घरातले, जुने दूधवाले शेतकरी. त्यांच्या घरापासून सडकेपर्यंतची खडीची वाट फर्लांगभर लांब, आपल्याकडच्या वस्तीच्या पाणंदीसारखी. सडकेवरचा बर्फ गावची गाडी काढते. ही वाट ज्याची त्याने काढायची.

आजोबांचा ट्रॅक्टर फोर्ड ८ एन. १९४७ ते १९५२ या काळात हे पाच लाखांवर निघाले. मी मागं जाऊन पाहिलं, तर औजार जोडायच्या तीन दांड्या थेट आमच्या मॅसीसारख्या! ही जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. १९३८ साली त्यानं हेन्री फोर्डशी नुसत्या हातमिळवणीवर करार केला. पुढं फोर्डच्या नातवानं तो मोडला, त्याचा कोर्टकज्जा १९५२ला मिटला. त्याच फर्ग्युसनचं नाव आपल्याकडच्या बॉनेटवर असतं. गावाकडं त्या दांड्यांना नांगर, इथं लोखंडी पातं. वजनासाठी चाकांत आपल्यासारखंच पाणी. फक्त गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड, आणि टायरवर साखळ्या.

त्यांच्या वडिलांच्या लहानपणी बर्फ काढतच नसत, दाबत. लाकडी फळ्यांचे माणसाएवढे रूळ घोडी ओढायची, कारण घसरगाडीला कडक बर्फच लागे. लाकडी पुलांना छप्पर असायचं, आत बर्फ पडत नसे. मग माणसं फावड्यांनी पुलात बर्फ नेऊन पसरायची! मला आधी हे थापच वाटलं. मोटारी आल्या आणि जमीन उघडी करायची रीत पडली.

डिसेंबरच्या पहिल्या बर्फात आजोबांनी पातं उलटं फिरवून लावलं. जमीन अजून मऊ, खडी खरवडून जाऊ नये म्हणून. आणि बर्फ वाटेच्या कडेपुढं चार-पाच हात लांब ढकलला. मी म्हटलं, "एवढं डिझेल कशाला जाळता?"

"हा पेट्रोलवर चालतो," ते हसले. "आणि फेब्रुवारीचा बर्फ कुठं ठेवू?"

कडेचे ढीग गोठून दगड झाले, की ट्रॅक्टरलाही हलत नाहीत. आम्ही ते ऐकलं नाही. फेब्रुवारीत आमच्या वाटेवरून मुलीची मोटारच कशीबशी निघे.

त्याच महिन्यात एका रात्री आजींच्या छातीत कळ आली. बाहेर बर्फ पडतच होता. आजोबांनी फोन केला आणि आधी ट्रॅक्टर काढला. मी बॅटरी धरून पुढं चालत होतो. त्यांचे हात थरथरत होते, पण पातं सरळ जात होतं. ॲम्ब्युलन्स दारापर्यंत आली, आणि डिसेंबरात राखलेल्या जागेत वळली.

आजींसोबत गाडीत चढताना ते मला म्हणाले, "उजाडायच्या आत एक फेरी मार. ती परत यायची आहे."

मी सीटवर बसलो. पातं उचलायचा दांडा उजव्या हाताला, न बघता सापडला. कडेला आलो तरी थांबलो नाही, आणखी चार हात पुढं गेलो.

आजी नवव्या दिवशी घरी आल्या.