वृत्तातील यति

श्लोकाच्या चरणात अक्षरे किती आणि लघुगुरूंचा क्रम कोणता, याची मोजदाद पुरी झाली तरी म्हणणाऱ्याने कोठे थांबावे हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याचा निवाडा करणाऱ्या यतीचा इतिहास म्हणजे शास्त्राचा हुकूम आणि कानाचा कौल यांच्यातील दीर्घ तकरारीचा इतिहास होय.

पिंगलाच्या छंदःसूत्रांत चारासाठी समुद्र, सहासाठी ऋतु, सातासाठी स्वर अशा संकेतांनी यतिस्थाने सांगितली आहेत. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांचे चार, सहा आणि सात असे खंड पडतात : आरंभीचे चार गुरु संथपणे उच्चारून क्षणभर विसावा घ्यावा, मग पाच लघु वेगाने जाऊन एका गुरूवर स्थिरावतात आणि उरलेली सात अक्षरे मिश्र गतीने चरणान्त गाठतात. हे विराम डावलले, तर गण बिनचूक साधूनही वृत्ताची चाल हरपते.

दंडीने ‘काव्यादर्शा’त यतिभ्रष्टता हा दोष गणला, तो श्रवणाला उद्वेग होतो म्हणून. परंतु दहाव्या शतकातील हलायुधाच्या पिंगलटीकेत उद्धृत झालेले नियम पाहता, कायद्याला मुभेची जोड मिळालेली दिसते : शब्दाच्या मध्ये यति आली तरी चालेल, मात्र तुटलेल्या दोन्ही भागांपैकी एकही एकाक्षरी उरता कामा नये, संधीने एकरूप झालेला स्वर बहुधा पूर्वखंडाचा, क्वचित उत्तरखंडाचा मानावा. पुढे इसवी सन १०००च्या सुमारास जयकीर्तीने तर यति मानणाऱ्यांत पिंगलाची आणि न मानणाऱ्यांत भरताची गणना करून दोन्ही पक्ष नमूद केले.

मराठीत हा वारसा पंडित कवींकडून आला. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ‘केकावली’साठी योजलेल्या पृथ्वीत आठव्या अक्षरावर यति सांगितली आहे. संस्कृतप्रचुर रचनेत ती समासाच्या सांध्यावर बसवता येते. प्रत्यय लागलेल्या लहानशा मराठी शब्दाला असा सांधा नसल्यामुळे त्याच्या मधोमध पडलेला विराम कानाला अधिक बोचतो. म्हणून मराठी कवीला यति सांभाळण्यासाठी शब्दयोजनाच बदलावी लागते, आणि त्यातच त्याच्या कसबाची परीक्षा होते.

माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’ने (१९२७, विस्तारित आवृत्ती १९३७) मराठी पद्याच्या शास्त्राला व्यवस्थित रूप दिले, परंतु शाळेत आजही गण पाडून आणि यतीचा आकडा पाठ करून वृत्त शिकल्याचे समाधान मानले जाते. श्लोक मोठ्याने म्हणवून घेतल्याशिवाय तो आकडा विद्यार्थ्याच्या कानाला कळणार नाही. ज्याला वृत्त शिकवायचे असेल, त्याने लेखणीच्या आधी वाणीला कामाला लावले पाहिजे.