शुश्रूषा आणि तिचे आप्त

'शुश्रूषा' लिहिताना भलेभले अडखळतात. पहिला 'शु' ऱ्हस्व, मधला 'श्रू' दीर्घ, आणि शेवटी पोटफोड्या 'ष'. काही जण सरळ 'सुश्रुषा' लिहून मोकळे होतात. त्यांच्या मनात शल्यविशारद सुश्रुताचे नाव घोळत असावे. चूक असली तरी ती अगदीच अनाठायी नाही. सुश्रुत म्हणजे 'नीट ऐकलेला', आणि धातू दोन्हीकडे 'श्रु' हाच. दादरच्या सहकारी रुग्णालयाने हे नाव घेतले तेव्हा रुग्णसेवा हा आजचा अर्थच मनात असणार. पण शब्द उलगडला, तर त्यात ना रुग्ण सापडतो ना सेवा.

घडण इच्छार्थक आहे. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा. तशी ऐकण्याची ती शुश्रूषा. 'चिकित्सा'ही याच साच्यातली. 'चित्' म्हणजे जाणणे, लक्षात येणे. त्या इच्छेतून शब्द उपचारापर्यंत पोहोचला. म्हणजे वैद्याच्या वाट्याला पाहून ओळखण्याची इच्छा आली आणि परिचारिकेच्या वाट्याला ऐकण्याची. रुग्णालयाचे दोन्ही खांब इच्छेवर उभे आहेत, हे मला फार आवडते.

ऐकण्यापासून उशापायथ्याशी बसण्यापर्यंतचा हा प्रवास आपल्याकडेच झाला असे वाटत असेल, तर जरा पश्चिमेकडे पाहावे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात कॉलेजव्हिल नावाचे ठिकाण आहे. तिथे बेनेडिक्टपंथी साधूंचा सेंट जॉन्स मठ आहे आणि त्याच आवारात त्यांनीच काढलेले विद्यापीठ. साधू मिनेसोटात आले 1856 साली, शाळा निघाली 1857 मध्ये. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतून आजही काही साधू राहतात. 2003 पासून या मठाने एक स्वयंसेवक दल चालवले आहे. नुकतीच पदवी घेतलेली मुले वर्षभरासाठी जगातल्या निरनिराळ्या बेनेडिक्टीन मठांत जाऊन राहतात. साधूंच्या पंक्तीला जेवतात, घंटा झाली की त्यांच्याबरोबर प्रार्थनेला उभी राहतात, आणि मधल्या वेळात मठाच्या शाळेत शिकवतात किंवा पडेल ते काम करतात. साधू होण्याची अट नाही. ते जगणे आतून पाहायचे, एवढेच.

या मुलांच्या हाती जो ग्रंथ येतो तो सहाव्या शतकातला. इटलीतल्या नुर्सियाच्या बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेला नियम, 73 प्रकरणांचा. त्याच्या प्रस्तावनेचा पहिला शब्द आहे 'ऐक'. लॅटिनमध्ये 'औस्कुल्ता', जुन्या हस्तलिखितांत 'ओब्स्कुल्ता'. यातला 'औस' म्हणजे कान. 'औरिस' हे कानाचे लॅटिन नाव त्याचेच पुढचे रूप. हाच शब्द पुढे फ्रेंच वैद्य लाएनेकने उचलला. 1816 मध्ये त्याने स्टेथोस्कोप बनवला आणि 1819 मध्ये त्यावर जो ग्रंथ छापला, त्यात छातीचे आवाज ऐकण्याच्या कृतीला 'ऑस्कल्टेशन' म्हटले. आजही डॉक्टर मंडळी हेच म्हणतात. म्हणजे मठातला कान रुग्णाच्या छातीला लागला! आणि बेनेडिक्टने छत्तिसाव्या प्रकरणात आजाऱ्यांच्या देखभालीला सगळ्यांच्या आधीचे स्थान दिले आहे. ऐकण्यातून शुश्रूषेपर्यंतची वाट त्यालाही ठाऊक होती असे दिसते.

बेनेडिक्टीन साधूंच्या व्रतांपैकी एक आहे आज्ञापालन, लॅटिन 'ओबेदिएन्तिया'. तो शब्द फोडला की पुन्हा कानच हाती लागतो: 'ओब' म्हणजे कडे आणि 'औदीरे' म्हणजे ऐकणे. जर्मनमध्ये 'ह्योरेन' म्हणजे ऐकणे आणि 'गेहोरझाम' म्हणजे आज्ञाधारक. आणि मराठी? "कार्टं अजिबात ऐकत नाही" असे आई म्हणते, तेव्हा तिला पोराच्या बहिरेपणाची चिंता नसते.

इराणकडची वाट तर याहून देखणी आहे. अवेस्तेतला 'स्रओष' हा यझत, म्हणजे पूज्य देवता. नावाचा अर्थ ऐकणे, आज्ञा मानणे. धातू आपलाच 'श्रु', तिकडे 'स्रु' झालेला. मुंबईच्या पारशी घरांतले 'सरोश' हे नाव त्याचेच, आणि 'सरोश बाज' ही त्यांची नित्याची प्रार्थना. पुढे फारसी कवितेत 'सरोश' म्हणजे अदृश्यातून संदेश आणणारा दूत झाला. जो ऐकत होता तोच ऐकवणारा झाला. शब्दाने केलेल्या अशा अर्ध्या गिरकीला माझ्या मते तोड नाही.

आपल्याकडे सम्राट अशोकाच्या गिरनारच्या तिसऱ्या शिलालेखात आईबापांच्या संदर्भात 'सुस्रूसा' असे रूप येते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच शब्द 'ऐकण्या'कडून 'सांभाळण्या'कडे कलला असावा. कौटिल्याने मात्र जुना अर्थ जपला. अर्थशास्त्रात बुद्धीचे गुण मांडताना तो शुश्रूषेला सर्वांत आधी बसवतो. प्रत्यक्ष श्रवण तिच्यानंतर. आधी ऐकावेसे वाटले पाहिजे, मग ऐकणे. विद्यार्थ्याला लावायची याहून नेमकी कसोटी क्वचितच सापडेल.

याच शब्दाचे एक वळण क्लेशदायक आहे आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे. मनुस्मृतीने शूद्राला एकच कर्म नेमून दिले, बाकीच्या तीन वर्णांची शुश्रूषा. इथे इच्छार्थक प्रत्यय नुसता कलेवर म्हणून उरतो. ज्याला नकार देण्याची सोय नाही, त्याच्या इच्छेचा प्रश्नच कुठे येतो? लॅटिनचेही हात स्वच्छ नाहीत. 'सर्व्हिस' शब्दाचे मूळ 'सेर्वितियुम', आणि त्याच्या पोटात 'सेर्वुस' म्हणजे गुलाम. मराठीने या प्रकाराला उघड नाव दिले: वेठबिगार. 'वेठ' संस्कृत 'विष्टि'वरून, 'बिगार' फारसी 'बेगार'वरून. सक्तीच्या कामाला नाव द्यायला दोन भाषांनी एकत्र यावे, यातच त्याचा पसारा किती होता ते दिसते.

म्हणूनच 'व्हॉलंटियर' या शब्दाचे मूळ पाहावे. लॅटिन 'वोलुन्तास' म्हणजे इच्छा, क्रियापद 'वेल्ले'. याचा संस्कृत सगा 'वृ', म्हणजे निवडणे. त्यातूनच वर, वरणे, स्वयंवर. तेव्हा 'स्वयंसेवक' हा आपला प्रतिशब्द चांगला असला, तरी 'व्हॉलंटियर'शी खरे रक्ताचे नाते स्वयंवराचे आहे! स्वयंवरातली कन्या हार घेऊन उभी राहते आणि निवड तिची असते. बेनेडिक्टलाही ही निवड इतकी महत्त्वाची वाटली की मठात शिरू पाहणाऱ्याला सहज आत घेऊ नये, चारपाच दिवस दारात तिष्ठू द्यावे, असे तो अठ्ठावन्नाव्या प्रकरणात सांगतो. आलेला माणूस खरेच वरतो आहे की नुसता भटकत आला आहे, हे कळायला वेळ लागतो.

मठांत राहणाऱ्या त्या स्वयंसेवक मुलांच्या दिवसाचा एक भाग सेवेचा, तर दुसरा प्रार्थनेचा. बेनेडिक्टच्या वेळापत्रकात 150 स्तोत्रे आठवड्याभरात म्हणून होतात. 'प्रेयर'चे मूळ लॅटिन 'प्रेकारी', मागणे, विनवणे. त्याचे संस्कृत भावंड 'पृच्छति', आणि त्याच्याच प्राकृत वाटेने आलेले मराठी 'पुसणे'. फळा पुसतो ते 'पुसणे' वेगळे, ते 'प्रोञ्छ्'चे. विचारण्याच्या अर्थाचे 'पुसणे' प्रमाण मराठीत आता एका जोडशब्दात टिकून आहे: विचारपूस. आजाऱ्याला भेटायला गेलो की आपण करतो ती. म्हणजे 'प्रेयर'ची सख्खी चुलत बहीण आजही खाटेशेजारी स्टुलावर बसलेली आहे. प्रार्थना म्हणजे ऐकणे आणि सेवा म्हणजे विचारपूस करणे, असे आपण धरून चालतो. शब्दांचा इतिहास नेमके उलटे सांगतो. सेवेच्या मुळाशी ऐकणे आहे, प्रार्थनेच्या मुळाशी पुसणे. या मुलांच्या दिवसाचे दोन तुकडे एकमेकांत इतके गुंतलेले असावेत, हे मला योगायोगापलीकडचे वाटते.

'मठ' शब्दाबद्दल मात्र थोडक्यात. अमरकोशात मठ म्हणजे छात्रादींचे राहण्याचे ठिकाण, चक्क विद्यार्थ्यांचे वसतिगृह. कॉलेजव्हिलला मठ आणि वसतिगृह जे एका आवारात आहे, ते अमरसिंहाने एकाच शब्दात बसवले होते. आणि आश्रम? त्याच्या पोटात 'श्रम' आहे. फ्रान्समधला बेनेडिक्टीन साधू हेन्री ल सो 1948 मध्ये भारतात आला, पुढे अभिषिक्तानंद झाला, आणि 1950 मध्ये झ्यूल मोंशानँ यांच्यासह त्याने तमिळनाडूत सच्चिदानंद आश्रम स्थापला. प्रार्थनेला कष्टांची जोड देणाऱ्या परंपरेतून आलेल्या माणसाला 'आश्रम' हा शब्द परका वाटला नसावा.

शेवटी एक शब्द वाचकांच्या हवाली करतो. बेनेडिक्टीन व्रतांत 'स्ताबिलितास' नावाचे एक व्रत आहे: ज्या मठात राहिलो तिथेच टिकून राहायचे. धातू अर्थात 'स्था'. मराठीत आजाऱ्याची, तान्ह्या बाळाची, झाडाझुडपांची 'उस्तवार' करतात. हा शब्द फारसी 'उस्तवार' म्हणजे पक्का, स्थिर यावरून आलेला दिसतो, आणि त्याच्याही बुडाशी तोच 'स्था' असावा. असे असेल, तर काळजी घेणे म्हणजे मुळात जागा न सोडणे. हा शब्द शहरांत जवळजवळ ऐकू येत नाही. तुमच्या घरात, गावात तो अजून बोलला जात असेल, तर कोणाची आणि कशाकशाची उस्तवार करतात, तो कोणत्या वाक्यात येतो आणि पुल्लिंगी की स्त्रीलिंगी वापरतात, ते वापराच्या नमुन्यासह जरूर लिहून पाठवावे. 'विचारपूस'बाहेर, विचारण्याच्या अर्थाने, 'पुसणे' कोणत्या बोलीत शिल्लक आहे, तेही त्याच पत्रात कळवावे.