कात्ला जागी झाली तेव्हां

आइसलंड बेटाच्या दक्षिण कांठाजवळ मीर्दाल्सयोकुल नांवाचा एक विस्तीर्ण हिमाच्छादित डोंगर आहे. त्या हिमाखालीं दडलेल्या ज्वालामुखीचें नांव कात्ला. हें बाईचें नांव त्याला कां पडलें, याविषयीं तिकडे एक कथा सांगतात. थिक्क्वाबाइर येथील मठांत कात्ला नांवाची कारभारीण होती. अंगांत चढविली असतां कितीहि धांवलें तरी दम लागूं नये, अशी एक जादूची विजार तिच्यापाशीं होती. मठाच्या धनगरानें ती न विचारतां वापरली. संतापाच्या भरांत तिनें त्याला ठार करून आंबट निवळीच्या पिंपांत दडविलें. पुढें हिवाळा सरत आला, पिंपाचा तळ दिसूं लागला. आतां पाप उघडें पडणार हें ओळखून ती विजार घालून निघाली, ती थेट हिमावर जाऊन तेथील दरींत नाहींशी झाली. लागलीच महापूर लोटला. कथा भाबडी खरी. परंतु या डोंगराच्या कोपांत आगीपेक्षां पाण्याचें भय मोठें, हें तिच्या कर्त्यांना नीट ठाऊक होतें.

याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. तप्त शिलारस हिमाच्या तळाशीं पोंचला कीं बर्फ भराभर वितळतें, आणि तें पाणी हिमाखालून वाट काढीत हिमनदीच्या कडेला येऊन एकदम फुटतें. अशा पुराला आइसलंडच्या भाषेंत ‘योकुल्ह्लौप’, म्हणजे हिमनदीची धांव, असें म्हणतात. भूगर्भशास्त्रज्ञांनीं सर्व जगभर हाच शब्द स्वीकारला आहे.

१८६० च्या स्फोटानंतर कात्ला ५८ वर्षें निपचित होती. १२ ऑक्टोबर १९१८ रोजीं, शनिवारीं, दुपारीं एकच्या सुमारास भूकंपाचे धक्के बसले. तीन वाजतां हिमाच्या माथ्यावरून वाफेचा व राखेचा स्तंभ आकाशांत चढला. सुमारें चारशें मीटर जाडीचें बर्फ अवघ्या दोन तासांत भेदलें गेलें होतें! नेमके त्याच दिवशीं आल्फ्ताव्हेर भागांतील शेतकरी वाळूच्या मैदानावर मेंढरें गोळा करीत होते. उत्तरेकडून गडगडाट आला. त्यांनीं कळप तेथेंच सोडले आणि घोडे भरधांव फेंकले. पाठीमागून काळें पाणी व बर्फाचे प्रचंड खडक लोटत येत होते. कळपांतील मेंढरें वाहून गेलीं, माणूस मात्र एकहि गेला नाहीं. वर्षाची सारी मिळकत डोळ्यांदेखत टाकून पळावयाचें, हा निर्णय क्षणांत घेणें सोपें नव्हे. तो त्यांना घेतां आला, कारण वाडवडिलांनीं सांगितलेल्या कात्लाच्या गोष्टी त्यांच्या कानांत होत्या, असें मला वाटतें.

पुराचा लोंढा ऐन भरांत असतां दर सेकंदास तीन लाख घनमीटर पाणी वाहत असावें, असा पुढील संशोधकांचा अंदाज आहे. ॲमेझॉन नदीच्या सरासरी प्रवाहाहूनहि हा अधिक. त्यानें आणलेल्या गाळानें किनारा समुद्रांत सुमारें तीन किलोमीटर पुढें सरकला. पूर दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरला, पण राख २४ दिवस, ४ नोव्हेंबरपर्यंत उडत राहिली. त्याच हंगामांत रेक्याविक येथें इन्फ्लुएन्झाची साथ माजली होती, आणि १ डिसेंबरला आइसलंड सार्वभौम राष्ट्र झालें. असा तो विलक्षण शरदृतु!

या साऱ्याची हकीकत आपणांस मिळते ती वीक गांवचे दंडाधिकारी गिस्ली स्वेइन्सन यांच्यामुळें. प्रत्यक्षदर्शींचे जबाब जमवून त्यांनीं १९१९ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. या कामीं त्यांना पूर्वज होता: १६२५ च्या स्फोटाचें वर्णन थोर्स्टेन माग्नुसन या अधिकाऱ्यानें त्याच थिक्क्वाबाइर मठाच्या परिसरांतून लिहून ठेविलें आहे. डोळ्यांनीं पाहिलेलें तारीखवार लिहावें, ही दृष्टि त्या काळीं विरळाच.

१९१८ नंतर कात्लाचा तसा मोठा स्फोट झालेला नाहीं. जुलै २०११ मध्यें लहानसा पूर आला, त्यानेंहि मूलाक्वीस्ल नदीवरील पूल नेला. आज त्या वाळवंटांतून बेटाचा हमरस्ता जातो. डोंगरावर भूकंपमापक यंत्रें बसविलीं आहेत. आणि इशारा मिळतांच वीकच्या लोकांनीं टेकडीवरील चर्चमध्यें जमावयाचें, असें ठरलेलें आहे.