माहेरवाशिणीचा डोंगर

गावाला नाव कोण देतो? ज्याच्या हाती शिक्का तो, असे इतिहास सांगतो. पण आमच्या नगर जिल्ह्यात हिंडणाऱ्याला दुसरेही उत्तर मिळते. आगगाडीतून ‘बेलापूर’ ही पाटी वाचून उतरावे, तर आपण श्रीरामपुरात! नगरच्या किल्ल्याजवळ दमडी मशीद आहे. किल्ल्यावरच्या मजुरांनी दमडी दमडी साठवून ती बांधली, अशी कथा. खरेखोटे काहीही असो, नाव दमडीचेच राहिले.

शाळकरी वयात मी आजीबरोबर शहराच्या पूर्वेकडील डोंगरावर गेलो होतो. वर ती अष्टकोनी, तीन मजली, दगडी वास्तू. आजीने हात जोडले. म्हणाली, “हा चांदबिबीचा महाल.” मी नुकतेच पुस्तक वाचलेले! लगेच म्हणालो, “आजी, हा महाल नव्हेच. ही निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे.”

पुस्तक खरेच होते. चांदबिबी ही हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. वैधव्यानंतर ती माहेरी परतली. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुरादच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा ती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. १६०० साली आपल्याच माणसांच्या हातून ती मारली गेली.

आजी रागावली नाही. एवढेच म्हणाली, “असेल बाबा वजिराची. पण माहेर राखलं तिनं. गावानं तिला डोंगर ओवाळणी घातला, तो तू परत मागतोस होय?”

मी गप्प बसलो.

१४९० साली मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौज मोडली आणि पुढे तेथेच अहमदनगर वसविले. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, याच जिल्ह्यातील चौंडीचा. सासर होळकरांचे, माळव्यातले. म्हणजे तीही माहेरवाशीणच!

आता नातवंडांना डोंगरावर नेतो, तेव्हा सलाबतखानाचे नाव आवर्जून सांगतो. मेलेल्या माणसाची कबर त्याच्या नावावर हवी. पण उतरताना कुणी विचारलेच, “कुठे गेला होता?” तर तोंडून येते, “चांदबिबीच्या महालावर.” भाऊबीजेची ओवाळणी कोणी परत घेते का?