कुरवंजीचा भूगोल

पाश्चात्त्य शास्त्रे आपल्याकडे इंग्रजी विद्यालयांतूनच आली, असा समज आहे. तंजावरच्या मराठी राज्यात ती त्यापूर्वीच पोहोचली होती. दुसरे सरफोजी (1777-1832) यांना जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांनी युरोपीय ग्रंथ जमविले व ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल मांडला. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री. येथे तीच शिक्षिका आहे.

याच संदर्भात जपानमधील डच विद्येचा एक प्रसंग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. वैद्य सुगिता गेन्पाकु यांनी 1771 साली एदो येथे शवविच्छेदन पाहिले. अवयव काढून दाखविणारा नव्वदीचा वृद्ध ‘एता’, म्हणजे तेथील अस्पृश्य होता. डच ग्रंथातील आकृत्या तंतोतंत जुळल्या. 1774 साली त्या ग्रंथाचे भाषांतर प्रसिद्ध झाले. सुगितांनी आपल्या आठवणींत वृद्धाचा उल्लेख केला, नाव मात्र दिले नाही. ‘एता’ हे हीन संबोधन कायद्याने रद्द होण्यास 1871 साल उजाडावे लागले.

नाटकात भटक्या स्त्रीला गुरुपद मिळाले. प्रत्यक्षात ज्याच्या हातांनी वैद्यांना शिकविले, तो अनामच राहिला. विद्येचा इतिहास लिहिताना आपण या हातांचीही नोंद केली पाहिजे.