न्यूट्रोफिल-लिंफोसाइट गुणोत्तर
रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या संख्येला लिंफोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या संख्येने भागून मिळणारा आकडा. निरोगी प्रौढांत तो साधारण १ ते ३ असतो. गंभीर न्यूमोनियासारख्या आजारात कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक वाढते. त्यामुळे न्यूट्रोफिल वाढतात, लिंफोसाइट घटतात आणि गुणोत्तर चढते. स्लोव्हाकियातील रोमान झाहोरेच यांनी २००१ मध्ये अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी हे मोजमाप सुचवले. कोविड-१९च्या साथीत ते सर्वतोमुखी झाले. चढ्या गुणोत्तराबरोबर मृत्यूचा धोकाही वाढलेला अनेक अभ्यासांत आढळला आहे. नेहमीच्या सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी) तपासणीतूनच ते निघते, वेगळा खर्च नाही. लोकप्रियतेचे निम्मे कारण हेच असावे. मात्र स्टेरॉइडमुळेही ते वाढते, आणि फुप्फुसाच्या अत्यवस्थ रुग्णांना स्टेरॉइड वारंवार द्यावी लागतात. म्हणून एकट्या आकड्यावरून रुग्ण वाचेल की नाही हे ठरवता येत नाही.